पायथनमधील ‘डेल’ कशासाठी?

आपल्यातील अनेक व्यापारी बंधूंची मुले दुकानाची बिले आणि मालसाठ्याचा हिशेब यांचे प्रोग्राम पायथन या संगणकभाषेत स्वतःच लिहू लागली आहेत. माझ्या पुतण्याने विचारलेला प्रश्न त्यांनाही पडत असेल. ही भाषा निकामी माहितीची सफाई आपोआप करते, मग तिच्यात ‘डेल’ ही काढून टाकण्याची आज्ञा ठेवलीच कशाला?

आपोआप सफाईची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जॉन मॅकार्थी यांनी ती १९५९ च्या सुमारास लिस्प भाषेसाठी योजली. गिडो वान रॉसम यांची पायथन १९९१ मध्ये बाहेर आली. तिच्यात नाव म्हणजे ताग्याला बांधलेली चिठ्ठी. माल वेगळा, चिठ्ठी वेगळी. एकाच ताग्याला दोन-तीन चिठ्ठ्याही असू शकतात. नेहमीच्या वापरातील पायथन प्रत्येक मालाच्या चिठ्ठ्या मोजत राहते आणि शेवटची निघाली की जागा मोकळी करते. दोन वस्तू एकमेकींनाच धरून बसल्या तर ही मोजणी शून्यावर येत नाही. त्यांच्यासाठी २००० साली २.० या आवृत्तीत वेगळी तपासणी जोडली गेली.

‘डेल’ माल नष्ट करीत नाही, फक्त चिठ्ठी काढते. दुसरी चिठ्ठी असेल तर माल जागच्या जागी राहतो. सफाई करणाऱ्याला चिठ्ठी दिसते, मालकाच्या मनातले दिसत नाही. चिठ्ठी आहे तोवर माल लागणार, असेच तो धरून चालतो. नको झाला हे मालकानेच सांगायचे.

हे आम्ही पैसे मोजून शिकलो. आमच्या प्रोग्राममध्ये मागच्या हंगामाची यादी ‘भाव’ या नावाने, फक्त तुलनेसाठी वाचली जात होती. नवी यादी ‘नवे_भाव’ या नावाने. ईदच्या गर्दीत पुतण्याने बिलाच्या ओळीत ‘भाव’ लिहिले. संगणकाने तक्रार केली नाही, कारण ते नाव हयात होते आणि त्यामागे यादीही होती. १,२०० मीटर पॉपलीन मीटरमागे ३ रुपये कमी भावाने गेले. बिलावर लिहिला तो भाव ठरला. गिऱ्हाइकाकडे फरक मागणे मला पटले नाही. ३,६०० रुपये आम्ही सोसले. तुलना संपताच ‘डेल भाव’ ही ओळ असती, तर असे नावच नाही म्हणून ‘नेमएरर’ येऊन बिल तिथेच अडले असते. लूपमध्ये वापरलेले नावही लूप संपल्यावर शेवटचा माल धरून उरते. तेही असेच दगा देऊ शकते.

दुसरा उपयोग जागेचा. तीन वर्षांची बिले एका यादीत घेऊन बेरीज काढली आणि प्रोग्राम रात्रीपर्यंत चालूच ठेवला, तर नाव असेतोवर सगळी यादी मेमरी अडवून बसते. बेरीज हाती आली की ते नाव काढावे. मात्र मोकळी झालेली जागा पायथन लगेच संगणकाला परत करीलच असे नाही. पुष्कळदा स्वतःच्या पुढच्या कामासाठी राखून ठेवते. आकडा खाली आला नाही म्हणून घाबरू नये.

फंक्शनमधील नावे फंक्शन संपताच आपोआप जातात. तिथे प्रत्येक नावामागे ‘डेल’ लिहीत बसणे म्हणजे झाडलेल्या ओट्यावर पुन्हा झाडू मारणे. काम लहान फंक्शनांत वाटले तर ‘डेल’ क्वचितच लागते, असे पुतण्या म्हणतो, आणि ते रास्त आहे. पण आमचा प्रोग्राम जुन्या दुकानासारखा खोलीला खोली जोडत वाढलेला.

भावयादीतील एकच नोंद काढायलाही हीच आज्ञा चालते. बंद झालेल्या वाणाची नोंद आम्ही तशीच काढतो. तो वाण यादीत नसेलच तर ‘कीएरर’ येते, आणि नाव लिहिताना हात चुकला हे तिथल्या तिथे कळते.