जुन्या मोटारीची नाडीपरीक्षा

आमच्या तीर्थरूपांनीं इ. स. १९७८ सालीं घेतलेली प्रीमिअर पद्मिनी मोटार आज पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभी आहे, आणि ती नुसती उभी नसून चालते. गेलीं बत्तीस वर्षें तिची देखभाल आम्ही स्वतः करीत आलों आहों. मोटारदुरुस्ती हा आमचा धंदा नव्हे; तो रविवारचा छंद आहे. त्याविषयीं वार्षिकासाठीं कांहीं लिहावें अशी सूचना झाली तेव्हां, विद्यार्थ्यांस पाने व पेचकस यांत काय गोडी वाटणार, असा संकोच प्रथम झाला. परंतु भूमितीच्या तासाला पक्ष, साध्य, सिद्धता अशी जी शिस्त शिकवितात, तीच शिस्त बंद पडलेल्या मोटारीपुढें लागते. आणि ती सोडली म्हणजे काय किंमत पडते हें आम्हांस दोन वेळां कळलें आहे. एकदां तें पैशांवर भागलें. दुसऱ्यांदां थोडक्यांत निभावलें.

प्रथम या गाडीचें कुळ सांगतों. इटलींतील तुरिन शहरच्या फियाट कंपनीनें १९५३ सालीं नव्या बांधणीची '११००' ही मोटार काढली. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांत तिची भारतीय आवृत्ति तयार होऊं लागली. आरंभींच्या गोलसर नमुन्यास लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. पुढें १९७४ सालीं 'पद्मिनी' हें राणीचें नांव मिळून त्या अपमानाची भरपाई झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तुमच्या आईबापांस ती ठाऊक असेलच. ऑक्टोबर २०२३ मध्यें शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, आणि आतां उरल्या त्या हौशी लोकांच्या दारांत. पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी करण्याची सोय केंद्र सरकारनें २०२१ सालीं केली आहे, तिकडे आमचे डोळे लागले आहेत.

तिचें एंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें. त्यांत संगणकाचा लवलेश नाहीं. अलीकडील मोटार बिघडली म्हणजे ती यंत्रावर आंकडा दाखवून आपलें दुखणें सांगते. आमची मोटार तसें सांगत नाहीं. मात्र तिच्यांत जें घडतें तें डोळ्यांनीं पाहतां येतें, कानांनीं ऐकतां येतें व नाकानें हुंगतां येतें.

एंजिन चालण्यास तीन गोष्टी पुरतात: हवेंत योग्य प्रमाणांत मिसळलेलें पेट्रोल, सिलिंडरांतील दाब, आणि नेमक्या क्षणीं पडणारी ठिणगी. यांपैकीं ठिणगीचें काम फार नाजूक असतें. बॅटरीचा दाब बारा व्होल्टचा, आणि प्लगच्या टोंकांवर ठिणगी उडण्यास लागतो कित्येक हजारांचा. तो वाढविण्यासाठीं कॉइल असते. डिस्ट्रिब्यूटरच्या आंत दोन धातूंचीं टोंकें आहेत, त्यांस पॉइंट म्हणतात. तीं मिटलीं कीं कॉइलमधून प्रवाह वाहतो. उघडलीं कीं तो एकाएकीं तुटतो व त्या तुटण्यांतून मोठा दाब उत्पन्न होतो. त्यांच्यामधील फट अर्ध्या मिलिमीटराहूनही किंचित् कमी. एंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असतां हे पॉइंट मिनिटास ६००० वेळां, म्हणजे सेकंदास शंभर वेळां, उघडतात व मिटतात. गणिताची आवड असलेल्यांनीं हा हिशेब करून पाहावा. चार सिलिंडर आणि दर दोन फेऱ्यांस प्रत्येकाची एक ठिणगी, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे झालें. पॉइंट उघडतांना तेथेंच ठिणगी उडून ते जळूं नयेत म्हणून शेजारीं कंडेन्सर नांवाचा एक लहानसा डबा असतो. हा किरकोळ किंमतीचा जिन्नस बिघडला तर सर्व गाडी आजारी पडते, व पुष्कळ लोक कॉइल बदलीत बसतात.

म्हणून गाडी बंद पडली तर आधीं तिला प्रश्न विचारावा: कशी बंद पडलीस? दिवा मालवावा तशी एकदम पडली असेल तर दोष बहुधा विजेकडे. आचके देत, धापा टाकीत, मंद होत होत पडली असेल तर दोष बहुधा पेट्रोलकडे. मग ठिणगी पाहावी, मग पेट्रोल कार्बुरेटरपर्यंत येतें कीं नाहीं तें पाहावें. प्लग काढून त्याचा रंग पाहिला तरी पुष्कळ समजतें. फिका तपकिरी असेल तर प्रकृति उत्तम. काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा व फोड आलेला असेल तर पेट्रोल कमी अथवा उष्णता अति. तेलानें ओला असेल तर एंजिनाच्या आंत झीज. आणि एका वेळीं एकच वस्तु बदलावी. दोन बदलल्या व गाडी सुरू झाली तर अपराधी कोण हें कधींच कळत नाहीं. (हे प्रयोग मुलांनीं वडील माणसाशिवाय करूं नयेत; पेट्रोलची वाफ व ठिणगी यांची गांठ पडली म्हणजे काय होतें हें निराळें सांगावयास नको.)

आतां आमची पहिली फजिती. एका उन्हाळ्यांत पुण्याहून सासवडला जातांना दिवेघाटाच्या चढावर गाडी आचके देऊन बंद पडली. पेट्रोल अति तापून नळींत त्याची वाफ झाली म्हणजे पंपास तें ओढतां येत नाहीं. हा दोष उन्हाळ्यांत व चढावर होतो हें आम्हीं वाचलें होतें. ऊन होतें, चढ होता. आम्हीं निदान करून टाकलें. पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें ठेविलें, दहा मिनिटें वाट पाहिली, आणि गाडी सुरू झाली! आमच्या विद्वत्तेची आम्हांस खात्री पटली. पुढें वीस किलोमीटरांवर ती पुनः थांबली. पुनः फडकें, पुनः दहा मिनिटें, पुनः सुरू. घरीं आल्यावर आम्हीं पंप बदलला. दोष गेला नाहीं. कार्बुरेटर उघडून धुतला, पुढें कॉइलही नवी बसविली. तीन आठवडे व बराच पैसा गेला, आणि गाडी पंधरा-वीस किलोमीटरांवर नेमानें थांबतच राहिली.

शेवटीं एके दिवशीं पेट्रोल भरावयास थांबलों असतां तेथील पोऱ्यानें टांकीचें झाकण फिरविलें, तों 'फुस्स्' असा मोठा आवाज झाला. तो हंसून म्हणाला, "साहेब, तुमच्या टांकीला श्वास घ्यायला जागाच नाही."

टांकींतून जितकें पेट्रोल जातें तितकी हवा आंत यावी लागते. त्यासाठीं मूळ झाकणास बारीक छिद्र असतें. पेट्रोल चोरीस जाईल या भीतीनें आम्हीं बाजारांतून कुलुपाचें नवें झाकण आणून बसविलें होतें, आणि त्यास छिद्र नव्हतें. टांकींत पोकळी निर्माण होई, पंपाची ओढ तिच्यापुढें हरे व गाडी थांबे. दहा मिनिटांत फटींतून थोडी हवा शिरे व ती पुनः चाले. ओल्या फडक्यानें कांहींच केलेलें नव्हतें. जें केलें तें त्या दहा मिनिटांनीं केलें. फडकें न ठेवतां आम्हीं एकदां जरी नुसते स्वस्थ बसलों असतों, तरी तें तेथेंच उघडकीस आलें असतें. आणि झाकण बदलल्यास पुरता आठवडाही झालेला नव्हता! तेव्हांपासून गाडी बिघडली कीं आमचा पहिला प्रश्न, 'तुला शेवटचा हात कोणीं व कोठें लाविला?' हा असतो. उत्तर बहुधा आमचेंच नांव निघतें.

येथवर ज्या भागांविषयीं लिहिलें ते बोलके भाग आहेत. बिघडण्यापूर्वीं ते आचका देतात, वास सोडतात, खडखडतात. कांहीं भाग मात्र मुके असतात, आणि आम्हांस अधिक भय त्यांचें वाटतें. टायर घ्या. वर्षांतून दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी झिजत नाहीं; तो नवा दिसतो, पण त्याचें रबर वयानें कडक होऊन चिरतें. त्याच्या बाजूवर चार आंकडे छापलेले असतात. '२३१९' असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झालेला. पेट्रोलच्या रबरी नळ्याही तशाच. अलीकडे पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. जुन्या प्रकारचें रबर त्यानें फुगतें, मऊ पडतें व झिरपूं लागतें, आणि झिरपलेला थेंब तापलेल्या एंजिनावर पडतो. आम्हीं सर्व नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले आहेत. ज्यांच्या घरीं जुनी स्कूटर असेल त्यांनींही हें करावें.

पण मुक्यांत मुका म्हणजे ब्रेक. आमच्या गाडीच्या चारी चाकांस ड्रमचे ब्रेक आहेत. पायाचा दाब एका द्रवाच्या द्वारें त्यांजपर्यंत पोंचतो. त्यास तेल म्हणतात, परंतु तें खरें तेल नव्हे. खनिज तेल तेथें घातलें तर रबरी वाट्या फुगून निकामी होतील. या द्रवाचा एक अवगुण असा कीं तो हवेंतील ओलावा शोषून घेतो. 'डॉट ३' जातीचा ताजा द्रव २०५ अंश सेल्सिअसच्या खालीं उकळतां कामा नये असें मानक आहे. तोच द्रव ओलावा शोषून बसला म्हणजे ही मर्यादा १४० अंशांवर येते. रोजच्या रस्त्यावर हा फरक जाणवतच नाहीं. पायास ब्रेक पूर्वीइतकाच घट्ट लागतो.

इ. स. २००९ च्या मे महिन्यांत आम्ही लोणावळ्याहून खोपोलीकडे खंडाळ्याचा घाट उतरत होतों. मागें आई व आमची धाकटी बहीण बसल्या होत्या. त्याच आठवड्यांत आम्हीं कार्बुरेटर चकचकीत केला होता, क्रोमच्या पट्ट्या पुसल्या होत्या. ब्रेकचा द्रव पांच वर्षांत बदलला नव्हता, कारण त्यानें कधीं तक्रारच केली नव्हती. शिवाय चढतांना जो गिअर लागतो त्याच गिअरांत उतरावें हा नियम ठाऊक असूनही आम्ही गप्पांच्या भरांत वरच्या गिअरांत, ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतों. घाटाच्या तळाकडील एका वळणाअलीकडे पाय थेट खालच्या पत्र्यास जाऊन टेकला. ड्रमच्या उष्णतेनें द्रव उकळला होता. वाफ दाबली जाते, आणि पायाचा सर्व जोर ती दाबण्यांतच खर्च होतो.

आम्हीं दोन-तीन वेळां पाय झपाझप मारिला, तेव्हां थोडासा दाब आला. गिअर खालीं ओढला. एंजिन किंचाळलें, पण वेग मोडला. हातब्रेकचा या द्रवाशीं संबंध नसतो, तो हळूहळू ओढीत गाडी डोंगराच्या बाजूस घेतली व डावा मडगार्ड मातीच्या बांधास घांसून ती थांबली. समोरून येणारी मालमोटार त्याच वळणावरून आमच्या शेजारून निघून गेली. कोणास खरचटलेंही नाहीं. बहीण रडूं लागली. आई कांहीं बोलली नाहीं; ती खालीं उतरून बराच वेळ दगडावर बसून राहिली. ब्रेक निवल्यावर पहिल्या गिअरांत आम्ही खोपोलीस पोंचलों. तेथील मिस्त्रीनें जुना द्रव बाटलींत काढून आमच्यापुढें धरिला. तो काढ्यासारखा काळा होता.

त्यानंतर दर दोन वर्षांनीं, मे महिन्याच्या पहिल्या रविवारीं, गाडीची तक्रार असो वा नसो, तो द्रव बदलतों. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचें चाक प्रथम, म्हणून आमच्या गाडींत आधीं मागचें डावें, मग मागचें उजवें, मग पुढचीं दोन. मुलगा आंत बसून पाय दाबतो, आम्ही चाकाशीं बसून निपल सैल करितों. "दाब", "धर", "सोड" असें सुमारें अर्धा तास चालतें, जोंवर नळींतून बुडबुडा येणें थांबून स्वच्छ पिवळसर द्रव येत नाहीं. काम झाल्यावर तारीख डॅशबोर्डाच्या खणांतील वहींत लिहितों.

आईस एंजिनांत कधींच रस नव्हता व आतांही नाहीं. तथापि गाडींत बसण्यापूर्वीं ती दारावर हात ठेवून विचारते, "ब्रेकचं तेल कधी बदललंस?" आम्हीं वही काढून तारीख वाचून दाखवावी, मग ती दार उघडते.