चाळणीतून उरलेले: चित्रपटाच्या इतिहासाच्या विद्यार्थिनीस पत्र

सोलापूर

चि. भाचीस,

चित्रपटाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने 'जुने चित्रपट चांगले होते, हल्लीचे तसे राहिले नाहीत' हे विधान प्रबंधात लिहिण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे, तो असा की, जुना चित्रपट म्हणून डोळ्यांपुढे जे येते ते कोणी निवडले आणि कशाने शिल्लक राहिले. भाचीने पाठविलेल्या टिपणात हे विधान तीनदा आले असून त्याच्या पुष्ट्यर्थ प्रभात फिल्म कंपनीचे 'संत तुकाराम', 'कुंकू' आणि 'माणूस' उभे केले आहेत. समोरच्या बाजूला मात्र गेल्या दोन वर्षांत मल्टिप्लेक्सला लागलेले सगळेच चित्रपट सरसकट ठेवले आहेत. एका पारड्यात ऐंशी-नव्वद वर्षांच्या चाळणीतून उरलेले निवडक दाणे आणि दुसऱ्यात कालच्या मळणीचा कोंड्यासकट ढीग, असे वजन केल्यावर काटा कोणत्या बाजूला झुकणार हे सांगायला अभ्यासाची गरज नसते. 1937 सालच्या एखाद्या सामान्य आठवड्यात जे सामान्य चित्रपट लागत असत, त्यांची नावेही आज कोणी घेत नाही, आणि त्यामुळेच तो काळ इतका उजळ दिसतो.

त्यातही ही चाळणी केवळ रुचीची असती, तर निदान चांगले तेवढे उरले असते. वस्तुस्थिती तशी नाही. 1950 च्या सुमारापर्यंत चित्रपट ज्या पट्टीवर छापले जात ती नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणाऱ्या आणि काळ लोटला की चिकट होऊन भुकटीत बदलणाऱ्या द्रव्याची होती; शिवाय तिच्या थरात चांदी असल्यामुळे जुनी रिळे भंगारात जाऊन त्यांच्यातून चांदी काढून घेतली जात असे. 14 मार्च 1931 रोजी मुंबईत झळकलेल्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. दादासाहेब फाळके यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे तेवढे हाती आहे असे म्हटले जाते, आणि तेही मूळ चित्रपटाचे नसून फाळक्यांनी 1917 च्या सुमारास पुन्हा केलेल्या आवृत्तीचे असावे, असे काही अभ्यासक मानतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, 1964 साली स्थापना झाल्यानंतर पी. के. नायर यांच्या चिकाटीमुळे, पुष्कळ वाचविले. तरी 8 जानेवारी 2003 रोजी तेथील नायट्रेटच्या साठ्याला लागलेल्या आगीत, वाचलेल्यांतलेही बरेच गेले आणि त्यात प्रभातच्या मूळ निगेटिव्ह होत्या. म्हणून विद्यार्थिनीने 'पहिला', 'सर्वांत मोठा', 'त्या काळी असेच होते' असे शब्द लिहिताना लेखणी क्षणभर उचलून धरावी. कारण जे पाहता येत नाही त्याविषयीचे मौन हाही इतिहासाचा भाग आहे.

सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने पाहिले तर या मौनाचा आरंभ अगदी पहिल्या पानावरच होतो. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' 18 मे 1912 रोजी, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्या जवळपास एक वर्ष आधी, मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये दाखविला गेला. त्याचा विषय याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचा, भक्ताने देवाला विटेवर थांबविले त्या कथेचा. नाटकाचा प्रयोग कॅमेऱ्यापुढे करून तो चित्रित केला होता, कॅमेरामन परदेशी होता आणि पट्टीवरील रासायनिक प्रक्रिया लंडनला झाली, एवढ्या कारणांवरून त्याला 'पहिला भारतीय चित्रपट' म्हणावे की नाही हा वाद आजही चालतो. पत्रलेखकाच्या मते या वादात कोणाची बाजू घ्यायची यापेक्षा, 'चित्रपट' या शब्दाची व्याख्या कोणी, केव्हा आणि कोणत्या अभिमानापोटी ठरविली हे शोधणे अधिक फलदायी आहे. चित्रित नाटक हा चित्रपट नव्हे, असे म्हणणाऱ्याने आरंभीच्या बोलपटांपैकी किती नाटके होती हे मोजून पाहावे.

जे उरले आहे तेही जसेच्या तसे पुरावा म्हणून वापरता येत नाही, याचे उत्तम उदाहरण 'संत तुकाराम' (1936) हेच आहे. विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल यांच्या या चित्रपटाची 1937 च्या व्हेनिस महोत्सवात उत्कृष्ट चित्रपटांत गणना झाली, हे सर्व पुस्तकांत आहे आणि त्यावर येथे शाई खर्च करण्याचे कारण नाही. त्यातले एक पद मात्र शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचले होते, आणि ते इतके अस्सल उतरले की जाणकारांनाही ते तुकोबांचेच वाटून त्याचा गाथेत शोध घेतला गेला. सतराव्या शतकातल्या संताची जी भाषा लोकांच्या कानांत आहे, तिच्यातला एक भाग 1936 सालच्या स्टुडिओत घडलेला आहे, असा याचा अर्थ होतो. चित्रपट भूतकाळ दाखवितो तेव्हा तो स्वतःचा वर्तमानकाळच नोंदवीत असतो, हे सूत्र पुस्तकात वाचून कळते, पण असे एखादे पद सापडल्यावर ते उमजते.

या सूत्राची कसोटी घेण्यासाठी विद्यार्थिनीला लांब जाण्याची गरज नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात झाला. भैया चौकातील त्यांच्या घराचे आता स्मारक आहे. 1938 साली काँग्रेसने जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडे पाच डॉक्टरांचे जे पथक पाठविले त्यात ते होते. उरलेले चौघे परतले, कोटणीस मात्र माओच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले, डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, परिचारिका क्वो छिंग-लान यांच्याशी विवाहबद्ध झाले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराने, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी 1946 साली 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला, त्यात कोटणीसांची भूमिका स्वतः केली आणि चिनी पत्नीची भूमिका जयश्री यांना दिली. त्या वेळी शांताराम पंचेचाळिशीला टेकले होते. आज सोलापुरातही पुष्कळांना डॉक्टर आठवतात ते शांतारामांच्या चेहऱ्याने, आणि या गमतीत अभ्यासाचा मोठा विषय दडला आहे.

विद्यार्थिनीने हा चित्रपट पाहताना दोन सालांमधले अंतर सतत ध्यानात ठेवावे. घटना 1942 ची, चित्रण 1946 चे. मधल्या चार वर्षांत महायुद्ध संपले, भारताचे स्वातंत्र्य दाराशी आले आणि चीनमध्ये कम्युनिस्ट व राष्ट्रवादी यांच्यात यादवी पेटली. कोटणीसांनी मृत्यूच्या काही महिने आधी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासदत्व घेतले होते. ही गोष्ट चित्रपट कशी हाताळतो, कशावर भर देतो आणि कशावरून पुढे सरकतो, हे प्रसंगवार टिपून काढावे. 1946 सालीच अब्बास यांनी 'धरती के लाल' दिग्दर्शित केला आणि 'नीचा नगर'च्या लेखनात त्यांचा वाटा होता, हेही शेजारी मांडावे. मग 'त्या काळचे चित्रपट ध्येयवादी होते' या ढोबळ वाक्याऐवजी, एका विशिष्ट वर्षी, विशिष्ट राजकीय आशेने भारलेली काही माणसे एकमेकांच्या संगतीने काय करीत होती, असे नेमके वाक्य लिहिता येईल, आणि परीक्षकालाही ते खोडता येणार नाही.

आता वर्तमानाकडे वळताना, टिपणातील 'सैराट'वरचा परिच्छेद विद्यार्थिनीने पुन्हा लिहावा, असे स्पष्ट सांगणे भाग आहे. 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झालेला नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट केवळ 'गाण्यांवर चालला' असे म्हणणे म्हणजे हंडीचे झाकण पाहून आतल्या कालवणाची चव सांगण्यासारखे आहे. मंजुळे जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची, चित्रण मुख्यतः करमाळा तालुक्यात. मासेमारी करणाऱ्या घरातला परशा आणि पाटलाची आर्ची यांची ही कथा याच जिल्ह्याच्या बोलीत बोलते. पूर्वार्धात अजय-अतुल यांचे संगीत असे घुमते की ते पाश्चात्त्य वाद्यवृंदासह लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित करण्यामागचा हेतू कळतो. उत्तरार्ध हैदराबादला जातो, भाषा बदलते, संगीत आटत जाते, आणि अखेरच्या दृश्यात तर ध्वनीच उरत नाही.

ही शांतता मूकपटाकडे परत जाणे आहे, असे विद्यार्थिनीने लिहिले आहे, आणि नेमकी येथेच इतिहासाची जाण कमी पडली आहे. मूकपट कधीच मुका नव्हता. पडद्याखाली पेटी-तबलेवाले बसत, पाट्या वाचून दाखविणारा निवेदक असे, आणि प्रेक्षकांतला गलका तर कायमचाच. पट्टीवर ध्वनी नसल्यामुळे थिएटरमधला ध्वनी वाढत असे. संपूर्ण निःशब्दता दिग्दर्शकाच्या हाती आली ती बोलपटामुळे, कारण जो आवाज सतत येत असतो तोच अचानक काढून घेता येतो. म्हणून 'सैराट'चा शेवट फाळक्यांचा वारस नव्हे, तो पंचाऐंशी वर्षांच्या बोलपटाने प्रेक्षकाच्या कानाला लावलेल्या सवयीचा हिशेब आहे. त्या दृश्यात भरलेल्या थिएटरात खुर्ची कुरकुरल्याचेही ऐकू येत होते, असे अनेकांनी सांगितले आहे; तो अनुभव मोबाइलवर एकट्याने, इअरफोन लावून घेता येत नाही. 'धडक' (2018) या हिंदी आवृत्तीत कथा उदयपूरला नेल्यावर जातीचा धागा किती पातळ झाला, याची तुलना स्वतंत्र प्रकरणाला पुरेल.

यावरून जो मुद्दा निघतो तो टिपणात कोठेच नाही, आणि तो नसणे ही टिपणातली सर्वांत मोठी उणीव आहे. चित्रपटाचा इतिहास म्हणजे चित्रपटांची यादी नव्हे. चित्रपट कोणी, कोठे आणि कोणाबरोबर पाहिला याचाही इतिहास त्यात येतो. सोलापूर या अभ्यासाला फार सोयीचे आहे. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून येथे गिरणगाव वाढले. पूर्व भागात तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर वसले, दक्षिणेकडून कानडी आले, दखनी-उर्दू आधीपासून होती, आणि विडी वळणाऱ्या बायकांच्या हाती स्वतःच्या कमाईचे पैसे होते. पाळी सुटण्याच्या वेळा आणि खेळांच्या वेळा यांचा मेळ कसा बसे, पगाराच्या आठवड्यात कोणता चित्रपट लावीत, तेलुगू चित्रपटाला कोणत्या भागातून गर्दी येई आणि मराठी चित्रपटाला कोणत्या, बायकांसाठी वेगळी बसण्याची सोय केव्हा होती व केव्हा गेली, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही छापील इतिहासात सापडणार नाहीत. 'आलम आरा' लागण्याच्या दोनच महिने आधी, 12 जानेवारी 1931 रोजी, स्वातंत्र्यचळवळ दडपण्यासाठी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉच्या प्रकरणातील चौघांना फाशी झाली होती. त्या वर्षी या गावात पडद्यापुढे बसलेल्या माणसाच्या मनात काय चालले असेल, हे चित्रपटांच्या यादीतून कळत नाही.

यासाठी साधने आहेत, पण ती घाईने गोळा करावी लागतील. 1923 च्या मुंबई कायद्याने तिकिटावर करमणूक कर बसला, तो 2017 मध्ये वस्तू व सेवा कर येईपर्यंत चालू होता, आणि त्याचा कारभार जिल्हाधिकारी कचेरीतून होत असे. तेव्हा तेथील जुन्या दप्तरांची चौकशी करावी. 1927-28 च्या सिनेमॅटोग्राफ समितीपुढील साक्षी छापील आहेत आणि मूकपटाच्या प्रेक्षकांविषयी त्यांच्याइतके बोलके साधन दुसरे नाही. स्थानिक वृत्तपत्रांतील जाहिरातींत रोजचे खेळ, भाषा आणि दर सापडतात. थिएटरच्या दारात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या जुन्या बाजारात अजून मिळतात. आणि माणसे आहेत: पेटी, म्हणजे चित्रपटाच्या रिळांचे डबे, एसटीने किंवा रेल्वेने वेळेवर पोहोचली नाही तर प्रेक्षकांना कसे थोपवीत, कार्बनची काडी जळत आली की पडदा कसा पिवळा पडे, तुटलेल्या पट्टीला जोड कसा लावीत, हे सांगू शकणारे ऑपरेटर आता सत्तरीच्या पुढे आहेत.

नव्या चित्रपटाच्या बाबतीत तर काळजी अधिकच आहे. आता थिएटरात येते ती कुलूपबंद डिजिटल प्रत, जी ठराविक मुदतीची किल्ली मिळाली तरच उघडते आणि मुदत संपली की निरुपयोगी ठरते. नायट्रेटची पट्टी निदान माळ्यावर पडून राहत असे. छोट्या निर्मात्याच्या हार्ड डिस्कमधला 2010 सालचा मराठी चित्रपट आज उघडेलच अशी खात्री देता येत नाही. 'हल्लीचे चित्रपट' म्हणून ज्यांना विद्यार्थिनीने एका ओळीत उडवून लावले, त्यांतले किती तिच्या विद्यार्थ्यांना पाहायला मिळतील, हा प्रश्न म्हणूनच टिपणात यायला हवा.

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी सोलापूरला येणे झाल्यास ध्वनिमुद्रणाचे यंत्र आणि कोरी वही बरोबर आणावी. पूर्व भागातील दोन निवृत्त ऑपरेटर बोलायला तयार आहेत. त्यांपैकी एकांना तेलुगूतच मोकळेपणाने बोलता येते, म्हणून दुभाष्याची सोय मामाने करून ठेवली आहे. करमणूक कराच्या दप्तरासाठीचा अर्ज मात्र विद्यार्थिनीने आपल्या संस्थेच्या शिक्कामोर्तबासह आधीच पाठवावा, कारण येथील कचेरीत गेल्या-गेल्या काही मिळत नाही.