कारवानी पिल्लाची शाळा

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी तास संपल्यावर अकरावीतला एक विद्यार्थी माझ्यापाशी आला. त्याचे गाव जिंतूर तालुक्यात. तो म्हणाला, "सर, आमच्या आखाड्यावर कारवानी कुत्र्याचं पिल्लू आणलंय. पाच महिन्यांचं आहे. मोटारसायकलच्या मागं पळवलं की लवकर तयार होईल, असं आमचा चुलतभाऊ म्हणतो. पळवू का?"

हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला कशाला विचारायचा, असे तुम्हांला वाटेल. पण त्याच्या उत्तरात बल आहे, उष्णता आहे, ध्वनीचा वेग आहे आणि काळाचे मोजमापही आहे. मी त्याला "पळवू नकोस" एवढेच सांगितले असते तर त्याचे समाधान झाले नसते. म्हणून आम्ही फळ्यावर हिशेब केला. तोच तुमच्यापुढे मांडतो.

कारवानी म्हणजे कोण?

परभणी, नांदेड, लातूर या भागांत तुम्ही हा कुत्रा पाहिला असेल. निमुळते लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि उंच, सडपातळ पाय. खांद्याशी उंची सुमारे ७० सेंटिमीटर. कानांवर आणि पायांवर लांब केस असतील तर त्याला पश्मी म्हणतात. कर्नाटकात हाच कुत्रा मुधोळ हाउंड या नावाने प्रसिद्ध आहे. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची जोपासना केली. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांतले एक मुधोळ हाउंडचे होते.

हा कुत्रा वासापेक्षा नजरेने पाठलाग करतो. दूरवर काही हलले की त्याचे लक्ष तिकडे जाते आणि क्षणात तो सुटतो. पूर्वी सशाच्या शिकारीसाठी तो पाळत. आता मात्र हे स्पष्ट समजून घ्या, की वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे ससा किंवा काळवीट यांच्यामागे कुत्रा सोडणे हीदेखील शिकारच असून तो गुन्हा आहे. मग शिकारी कुत्र्याला शिकवायचे ते काय? सुटायला तो आपोआप शिकतो. शिकवायचे ते परत यायला. आपल्याकडे शेताशेतांत कठडा नसलेल्या विहिरी आहेत, बांधापलीकडे डांबरी रस्ता आहे. हाकेला न परतणारा वेगवान कुत्रा फार दिवस जगत नाही.

पहिला वर्ग : तीन ते बारा आठवडे

पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे आणि कान मिटलेले असतात. डोळे दोन आठवड्यांच्या सुमारास उघडतात, कान त्यानंतर काही दिवसांनी. तिसऱ्या आठवड्यापासून त्याचा बाहेरच्या जगाशी खरा संबंध सुरू होतो.

अमेरिकेत बार हार्बर येथील प्रयोगशाळेत फ्रीडमन, किंग आणि एलियट या शास्त्रज्ञांनी याबाबत एक प्रयोग केला. तो १९६१ साली प्रसिद्ध झाला. उंच कुंपणाच्या मैदानात पिल्ले आईबरोबर वाढू दिली आणि वेगवेगळ्या वयाला त्यांना एकेक आठवडा माणसांत आणले. ज्या पिल्लांचा चौदा आठवड्यांपर्यंत माणसाशी संबंध आला नाही, ती पुढे रानटी जनावरासारखी बुजत राहिली. ज्यांना त्याआधी माणसाचा सहवास मिळाला ती माणसाळली.

यावरून "शिक्षण केव्हा सुरू करावे?" याचे उत्तर मिळते. तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लाला रोज हळुवार हाताळावे. मात्र सात-आठ आठवड्यांपूर्वी आईपासून तोडू नये, कारण चावा किती जोराने घ्यायचा हे ते भावंडांशी खेळतानाच शिकते. घरी आणल्यावर म्हातारी माणसे, लहान मुले, बैल, शेळ्या, कोंबड्या, मोटारपंपाचा आवाज, हे सारे त्याला दुरून, न घाबरवता दाखवावे. लसी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर टोचाव्यात. तोवर अनोळखी कुत्र्यांत सोडू नये.

हाक आणि एक सेकंद

आठव्या आठवड्यापासून नाव आणि हाक शिकवता येते. एकच छोटा शब्द ठरवा आणि घरातल्या सर्वांनी तोच वापरा. पिल्लू दोन पावलांवर असताना हाक मारा, ते आले की लगेच भाकरीचा दुधात भिजवलेला तुकडा द्या. धडा तीन-चार मिनिटांचाच असावा, दिवसातून तीनदा.

'लगेच' या शब्दाला येथे फार महत्त्व आहे. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी दाखवून दिले, की खुणेच्या पाठोपाठ अन्न मिळत गेले म्हणजे कुत्र्याच्या मनात त्या दोहोंची सांगड बसते. या दोहोंमध्ये वेळ गेला तर सांगड सैल पडते. पिल्लू आल्यावर तुम्ही तुकडा शोधत बसलात आणि तेवढ्यात ते जमीन हुंगू लागले, तर बक्षीस हुंगण्याला मिळते, येण्याला नाही. त्याचप्रमाणे उशिरा आलेल्या पिल्लाला मारू नका. ते उशिराबद्दल मार खाल्ला असे समजत नाही. जवळ आलो म्हणून मार बसला, असे समजते.

हाक लहानपणीच का पक्की करायची, ते आकड्यांत पाहू. मोठा कुत्रा ताशी ४० किलोमीटर वेगाने रस्त्याकडे धावत आहे असे धरा. म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. तो तुमच्यापासून १०० मीटरवर आहे. धोका ओळखून हाक मारायला तुम्हांला अर्धा सेकंद लागला. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणून हाक पोहोचायला ०.३ सेकंद. ऐकून पाय आवरायला कुत्र्याला आणखी अर्धा सेकंद. एकूण १.३ सेकंद, आणि तेवढ्यात तो १४ मीटर पुढे गेला. थांबताना त्याचा वेग सेकंदाला ५ मीटर/सेकंद या दराने कमी होतो असे मानले, तर v²/२a या सूत्राने आणखी १२ मीटर. म्हणजे उत्तम शिकलेला कुत्राही २६ मीटर जाऊन थांबेल. न शिकलेल्याचे काय होईल, ते सांगायला नकोच.

हाडे आणि आघात

आता त्या विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाकडे वळू. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ थर असतो. हाड तेथून वाढते. हा थर कठीण व्हायला साधारणपणे एक वर्ष लागते. तोवर सांध्याजवळचा तो सर्वांत नाजूक भाग असतो.

पिल्लाचे वजन १५ किलो आहे. ते उभे असताना प्रत्येक पायावर सरासरी पावणेचार किलो भार येतो. चौखूर धावताना प्रत्येक पाय एका झेपेच्या कालावधीपैकी एकपंचमांश वेळच जमिनीवर टेकतो असे धरू. झेपेच्या पूर्ण कालावधीत जमिनीने शरीराला दिलेला आधार सरासरीने वजनाइतकाच भरला पाहिजे, नाहीतर शरीर खाली जाईल. म्हणजे जे काम पायाने पूर्ण वेळात करायचे ते तो एकपंचमांश वेळात उरकतो. त्यामुळे टेकलेल्या पायावरचा सरासरी भार पाचपट, सुमारे १९ किलो होतो. टेकण्याच्या मधल्या क्षणी तो याहूनही अधिक असतो. डांबरी रस्त्यावर हजारो वेळा असा आघात झाल्यावर त्या मऊ थराचे काय होईल?

मी लहान असताना आमच्या नात्यात एकाने असेच पाच-सहा महिन्यांचे पिल्लू रोज सायकलमागे पळवले. दोन महिन्यांत त्याचा पुढचा पाय सुजला आणि पुढे वाकडा वाढला. ते कधी सरळ धावलेच नाही. आम्ही मुले त्याला आळशी म्हणत असू, याचे आज वाईट वाटते.

मोकळ्या रानात पिल्लू स्वतःहून पळते, दमले की बसते; त्यात धोका कमी. मोटारसायकलमागे बांधलेल्या पिल्लाला बसता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत साखळीला ओढ न देता चालणे आणि दोरीला बांधलेल्या चिंधीमागे मऊ मातीत थोडा खेळ, एवढा व्यायाम पुरे. खेळ रंगात आला असता मधेच हाक मारा, आले की तुकडा द्या आणि पुन्हा चिंधी हलवा. परतल्याने खेळ संपत नाही, हे त्याला कळले पाहिजे. सलग दौड वर्षानंतर, पशुवैद्यकाला पाय दाखवूनच सुरू करावी.

उष्णतेचा हिशेब

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून जिभेवरचे व श्वासमार्गातले पाणी बाष्परूपाने उडवतो. शरीराच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याचे बाष्प होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता जाते. २० किलोच्या कुत्र्याचे तापमान एका अंशाने उतरवायला सुमारे १६,६०० कॅलरी काढाव्या लागतात, म्हणजे २९ ग्रॅम पाणी उडवावे लागते. परभणीच्या मे महिन्यात हवा ४२ अंशांवर जाते आणि कुत्र्याचे शरीर ३८-३९ अंशांवर असते. तेव्हा हवेकडून उष्णता उलट आत येते. म्हणून उन्हाळ्यात धडा सूर्योदयापूर्वी घ्यावा आणि पाणी जवळ ठेवावे.

करून पाहा

घरी पाळलेले, लस टोचलेले कोणतेही पिल्लू चालेल. गावठी असले तरी उत्तम. रोज ठरावीक वेळी, दहा पावलांवरून, दहा वेळा हाक मारा. हाकेपासून पिल्लू येईपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजून सरासरी काढा. चौदा दिवसांचा आलेख काढा : आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर सेकंद. थॉर्नडाइक यांनी १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून असेच आलेख काढले होते. तुमचा आलेख एकसारखा उतरतो, की मधेच चढतो? चढला तर त्या दिवशी काय घडले ते वहीत लिहा.

त्या विद्यार्थ्याने मोटारसायकल ठेवून दिली आणि वही घातली. पहिल्या दिवशी त्याची सरासरी ९ सेकंद होती, चौदाव्या दिवशी ३. सहाव्या दिवशी मात्र ती ११ वर गेली होती. समोर त्याने लिहिले होते, "आज चुलतभावाने हाक मारून जवळ बोलावले आणि मारले." प्रयोग कसा नोंदवावा हे त्याला कळले, असे मी समजतो.

प्रश्न

१. कुत्र्याचा वेग दुप्पट झाला तर थांबण्याचे अंतर किती पट होईल? प्रतिक्रियेच्या काळात कापलेले अंतर किती पट होईल? दोन्ही उत्तरे वेगवेगळी का?

२. प्रत्येक पाय झेपेच्या एकषष्ठांश वेळच टेकत असेल, तर २४ किलोच्या कुत्र्याच्या टेकलेल्या पायावर सरासरी किती भार येईल?