एक नासका आंबा अढी नासवतो का?

प्रश्न : आमच्या बागेतला हापूस उतरवताना हिरवागार, निर्मळ दिसतो. अढीत घातला की काहींवर काळे डाग पडतात, काही देठाकडून कुजतात. बुरशीनाशक न वापरता हे कमी करता येईल का? आणि एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, हे खरं का?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेऊ. म्हण अर्धीच खरी आहे. काळे डाग पाडणारा करपा अढीत सहसा एका फळावरून दुसऱ्यावर जात नाही. तो झाडावरूनच येतो. दव किंवा अवकाळी पाऊस पडला की वाळक्या काटक्यांवरची बुरशी कैरीवर उतरते, सालीत शिरते आणि तिथेच दबून राहते. कच्च्या सालीत तिला रोखणारी द्रव्यं असतात. फळ पिकताना ती घटतात आणि डाग दिसू लागतात. देठकुजीची बुरशी तर देठातच मुक्कामाला असते. त्यामुळे नुसता पेंढा बदलून भागत नाही. तरीही नासका आंबा लगेच काढावा. त्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने शेजारचे आंबे घाईने पिकतात आणि त्यांच्यातली बुरशीही लवकर उठते.

म्हणून सुरुवात बागेतून करा. वाळक्या फांद्या आणि मोहोराचे सुके दांडे काढा, झाडाच्या आत ऊन-वारा खेळू द्या. आंबा झोडपून पाडू नका. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याने तो देठासकट अलगद उतरतो. चीक सालीवर ओघळत नाही. खाली पडलेले, ठेचलेले आंबे अढीत घालूच नका.

त्यानंतरचा खरा उपाय म्हणजे गरम पाणी. उतरवलेले कच्चे आंबे शक्यतो त्याच दिवशी ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटं बुडवून ठेवा. सालीतली बुरशी या उष्णतेने मरते, फळ मात्र तेवढं सोसतं. हाताच्या अंदाजावर जाऊ नका, थर्मामीटर हवाच. पाणी कमी तापलं तर उपयोग नाही, जास्त तापलं तर साल भाजते. आंबे घातल्यावर पाणी निवतं, म्हणून भांडं मोठं घ्या आणि पाणी ढवळत राहा. नंतर फळं सावलीत गार, कोरडी करून मगच अढी लावा. करप्यावर हा उपाय चांगला चालतो, देठकुजीवर कमी. युरोपला जाणारा आंबा ४८ अंशांत तासभर ठेवतात, तो फळमाशीसाठी. दोन्हींची गल्लत करू नका.

कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवून कूज टळेल, असंही समजू नका. साधारण १३ अंशांखालच्या थंडीने त्याची साल काळवंडते, तो नीट पिकत नाही आणि बाहेर काढल्यावर उलट लवकर कुजतो.

वरून आंबा चांगला आणि कापल्यावर गर पांढरट, आंबट निघाला, तर तो साका. ती बुरशी नव्हे, त्यामुळे गरम पाण्याने तो जाणार नाही.