न सापडलेले बग कसे मोजायचे?

"सर, प्रोजेक्टमधले पंचवीस बग काढले!" सबमिशन जवळ आलं की लॅबमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण मित्रांनो, वापरणाऱ्याला त्रास होतो तो उरलेल्या बगांचा. ते किती, हे कसं कळणार?

तलावातले मासे मोजायची एक जुनी युक्ती आहे. थोडे मासे पकडायचे, खूण करून परत सोडायचे. पुन्हा जाळं टाकल्यावर त्यात खुणेचे किती आले, त्यावरून एकूण माशांचा अंदाज निघतो. सॉफ्टवेअरच्या तपासणीतही हेच करता येतं.

समजा, एकच प्रोग्रॅम तुम्ही आणि तुमच्या रूममेटने वेगवेगळा तपासला. तुम्हाला २० बग सापडले, त्याला १५. दोन्ही याद्यांत असलेले १०. म्हणजे तुमच्या २० पैकी निम्मे त्याला सापडले. तेव्हा त्याचे १५ हेही एकूण बगांच्या निम्मे धरू.

एकूण बग = २० × १५ ÷ १० = ३०
सापडलेले = २० + १५ − १० = २५
उरलेले = सुमारे ५

आयबीएमच्या हार्लन मिल्स यांनी १९७० च्या दशकात याचाच दुसरा प्रकार मांडला. प्रोग्रॅममध्ये मुद्दाम बग पेरायचे. पेरलेल्या १० पैकी ८ सापडले, तर खरे बगही साधारण ८० टक्के सापडले असं समजायचं.

अर्थात, यात दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे, सोपे बग दोघांनाही सापडतात. त्यामुळे सामाईक आकडा फुगतो आणि एकूण अंदाज कमी येतो. एकमेकांची यादी बघितली तर विचारायलाच नको!

दुसरं, अंदाज ज्या वापरासाठी केला, तिथेच तो चालतो. एरियन-४ रॉकेटवर नीट चाललेला कोड युरोपने एरियन-५ मध्ये घेतला. नव्या रॉकेटचा आडव्या दिशेतला वेग जास्त होता. त्या वेगाशी निगडित आकडा १६ बिटांत मावला नाही आणि ४ जून १९९६ रोजी उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत रॉकेट फुटलं. बग आधीपासून होताच. जुन्या वापरात तो कधी जागा झाला नव्हता.

तेव्हा या वेळी प्रोजेक्ट दोघांना स्वतंत्रपणे तपासायला द्या, दोन्ही याद्या जपून ठेवा. वायवाला "बग नाहीत" असं ठोकून देण्यापेक्षा "सुमारे पाच उरले असावेत" असं हिशेबासकट सांगा. परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला, तर उत्तर तुमच्याकडे असेल.