द्वीपावरील आरोग्यविहार : दिवसांचे गणित

श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, बेरुवला वा बेन्टोटा येथे, 'आठ दिवसांत विश्रांती आणि पंचकर्म दोन्ही उरकून येतो' असे म्हणणारा रुग्ण आल्यास आपण प्रथम दिवस मोजावेत.

विरेचनाचे उदाहरण घेऊ. स्नेहपान ३ ते ७ दिवस, नंतर अभ्यंग-स्वेदनाचे ३ दिवस, विरेचनाचा १ दिवस आणि शुद्धीनुसार संसर्जनक्रमाचे ३, ५ किंवा ७ दिवस. म्हणजे किमान १० व कमाल १८ दिवस होतात. आठ दिवसांत हे बसवू गेल्यास संसर्जनक्रमच तुटतो आणि शोधनाने मंद झालेल्या अग्नीवर प्रवासातील जड अन्न येऊन पडते.

यास्तव अल्प मुक्कामात अभ्यंग, मृदू स्वेद, शिरोधारा व लघू आहार यांवरच समाधान मानावे. शोधन घ्यावयाचे असल्यास समुद्रस्नान, ऊन, वारा व दिवास्वाप वर्ज्य, हे रुग्णास आधीच सांगावे. त्या किनाऱ्यावर मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो, हेही ध्यानी घ्यावे.

परतीचे तिकीट काढण्यापूर्वीच रुग्णाने वैद्यास भेटावे, असा आग्रह आपण धरला पाहिजे.