‘तुहा मुकादम कोण?’

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारहून पुण्याला शिकायला गेलो आणि पुढची वीसेक वर्षं हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या विमा कंपन्यांचे प्रोग्रॅम लिहिले. आता गावाकडच्या पोरांचे फोन येतात, ‘दादा, आयटीतली नोकरी टिकती का?’ त्यांना अधूनमधून जे सांगतो, ते इथे एका जागी लिहितो.

१. नोकरी कंपनीत नसते, कंत्राटात असते.
माझे चुलते, नाना, ऊसतोडीचे मुकादम होते. दसरा झाला की तालुक्यातले कोयते, म्हणजे तोडणीच्या जोड्या, घेऊन साखर कारखान्यावर जायचे. मी नवा नोकरीला लागलो तेव्हा त्यांना समजावत होतो, की काम अमेरिकेतल्या कंपनीचं, पगार पुण्यातल्या कंपनीचा. नाना म्हणाले, “मंग तुहा मुकादम कोण?” प्रश्न नेमका होता. माझ्या तासांचं बिल डॉलरमध्ये लागायचं, त्यातला वाटा रुपयांत माझ्या खात्यावर यायचा. बिल लागतंय तोवर तुम्ही ‘बिलेबल’, थांबलं की बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसून. तुमचं काम चांगलं होतं का, हे फार कुणी विचारत नाही. जून २०२५मध्ये टीसीएसने तर नियमच केला: वर्षातले किमान २२५ दिवस बिल लागलं पाहिजे आणि बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. पुढच्याच महिन्यात सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असल्याचं कंपनीने जाहीर केलं. म्हणून रुजू होतानाच विचारावं, क्लायंट कोण आणि कंत्राट कधीपर्यंतचं. एचआरला हा प्रश्न आवडत नाही. तरी विचारावा.

२. स्वस्त म्हणून आलेलं काम आणखी स्वस्ताकडे जातं.
सालाचे दोनच आकडे साठवणारे जुने प्रोग्रॅम २००० साल उजाडण्याआधी दुरुस्त करायचे होते. काम किचकट आणि कंटाळवाणं, अमेरिकेत माणसं महाग. आपल्याकडच्या कितीतरी कंपन्यांचं बस्तान त्या कामावर बसलं. २०१४च्या शेवटी फ्लोरिडात डिस्नेने सुमारे अडीचशे संगणक कर्मचाऱ्यांना नारळ दिला आणि जाण्याआधी बदली आलेल्या भारतीय माणसांना काम शिकवायला लावलं. आपल्याकडे बऱ्याच जणांना ती बातमी म्हणजे आपली भरभराट वाटली. मला नाही वाटली. पुढे आमच्या प्रोजेक्टचा सपोर्ट मनिलाला गेला, तेव्हा शिकवायला मी बसलो होतो.

३. केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे आपलं काम दुसऱ्याला शिकवणं) मागितली, की सीव्ही काढा.
‘सगळं डॉक्युमेंट करून ठेवा’, ‘कॉल रेकॉर्ड करा’, शेजारी ‘शॅडो’ म्हणून नवा मुलगा, ही सगळी लक्षणं. मात्र केटी नीट द्यावी. मनिलाच्या वेळी क्लायंटकडची जी बाई रोज कॉलवर असायची, तिच्याच शब्दावर मला पुढची नोकरी लागली.

४. भाषा जुनी होते, धंदा होत नाही.
हल्ली क्लायंट मधल्या कंपनीला वगळून इथेच स्वतःचं ऑफिस थाटतात. बार्कलेज, डॉइश बँक यांची मोठी केंद्रं पुण्यातच आहेत. विमा कंपनीच्या अशा ऑफिसातल्या मुलाखतीत जावा विचारतात, पण घेतात तो माणूस, ज्याला दावा का अडकतो, हप्ता चुकला तर पॉलिसीचं काय होतं हे ठाऊक असतं.

५. कोयत्याला लवाद आहे, कीबोर्डला नाही.
जानेवारी २०२४मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. साखर संघ एका बाजूला, कामगार संघटना दुसऱ्या बाजूला, मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांचा लवाद. याचा अर्थ तोडणीवाल्याचं बरं चाललंय असा नाही. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटता फिटत नाही, हे आमच्या तालुक्यात कुणाला सांगायला नको. पण दर ठरवताना तो एकटा नसतो. एसीत बसणारा इंजिनिअर मात्र एकटाच. पुण्यात ‘नाइट्स’सारखी आयटी कर्मचाऱ्यांची संघटना कामगार खात्याकडे तक्रारी नेते, पण माझे बहुतेक सहकारी म्हणायचे, ‘आपण काय कामगार आहोत का?’ मग कपातीची वेळ आली, की एकेकाला खोलीत बोलावलं जातं. तिथे नोकरीवरून काढलं असं कुणी म्हणत नाही. ‘तुम्हीच राजीनामा द्या, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ,’ असं अगदी गोड आवाजात सांगतात. त्या खोलीत त्या दिवशी सही करू नये. घरी विचारून सांगतो म्हणावं, आणि झालेलं बोलणं त्याच संध्याकाळी ईमेलवर लिहून पाठवावं. मी तसं केल्यावर दोन महिन्यांचा पगार जास्त मिळाला. माझ्याआधी आत गेलेल्याला मिळाला नव्हता, आणि काम त्याचं माझ्यापेक्षा सरस होतं.

६. वाकडचा फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या पगारावर घेऊ नये.
यावर जास्त बोलत नाही. ज्यांनी घेतलाय त्यांना कळलं असेल.

७. आता हार्वेस्टर आलाय.
फडात ऊस तोडणारं यंत्र, ऑफिसात एआय. पूर्वी टेस्ट लिहिणं, बारके बग काढणं ही कामं नव्या पोरांकडे असायची आणि त्यातूनच ती घडायची. आता तेवढं यंत्र करून देतं, म्हणून पहिला घाव माझ्यासारख्यावर नाही, बीडच्या कॉलेजातून यंदा बाहेर पडणाऱ्यावर आहे. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जाला एक लाख डॉलर शुल्क लावलं, तेव्हा गावात लोक मला अडवून त्याबद्दल विचारत होते. शिरूरच्या पोरांपैकी अमेरिकेला जाणारे किती असणार! हिंजवडीतली पहिली नोकरीच कमी होतेय, त्याबद्दल मात्र कुणी विचारलं नाही.